दशावताराचं शूटिंग: २५पी, ५०पी की ५०आय? आणि अमेरिकेतून आलेल्या कॅमेऱ्याचं काय करू?

पेटाऱ्याजवळ

नमस्कार मंडळी. मी कुडाळजवळच्या एका गावात राहतो. लग्न-मुंजीच्या शूटिंगवर घर चालतं, आणि कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की रात्री दशावतारी नाटकं रेकॉर्ड करतो. त्यात पैसे फारसे नाहीत, पण ते काम मला सोडवत नाही. माझ्या लहानपणी ज्यांना बघितलं त्यातले निम्मे नट आज नाहीत, आणि त्यांचं हलतं चित्र कुणाकडेच नाही.

गेल्या वर्षी एका जुन्या राजपार्टी नटाचं, म्हणजे राजाच्या भूमिका करणाऱ्याचं, नाटक केलं. वय सत्तरीच्या पुढे, पण तलवार घेऊन मांडावर, म्हणजे नाटकाच्या जागेवर, आले की वीस वर्षांनी लहान. आठवड्याने लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेलो. युद्धाचा प्रवेश लागला तसे ते पुढे सरकले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, आणि मला म्हणाले, "माझे पाय खंय रे गेले?" खरंच, कमरेखाली नुसता धूर होता. घुंगरांचा आवाज येतोय, पखवाज चढलाय, आणि पाय म्हणून एक पांढुरका फराटा. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

दुसऱ्या कॅमेऱ्यात वेगळंच. चित्रावर काळसर आडवे पट्टे, सारखे उड्या मारणारे. संकासुर (दशावतारातला राक्षस) आधीच काळ्या वेशात, त्यावर हे पट्टे आल्यावर बघवत नाही.

सामान असं आहे. पहिला कॅमेरा इथलाच, मेन्यूत १०८० मध्ये ५०पी, २५पी आणि ५०आय. तो २५पी वर ठेवला होता, बाकी सगळं ऑटो. दुसरा मेहुण्याने न्यू जर्सीहून आणून दिलेला, त्यात ६०आय, ३०पी आणि २४पी एवढंच. ५० कुठेच नाही. तो ३०पी, शटर १/६०. तिसरा फोन, प्रेक्षकांसाठी. उजेड म्हणजे एलईडीचे फ्लड, देवळाच्या सभामंडपात ट्यूबलाइट, आणि बऱ्याच ठिकाणी जनरेटर.

पूर्ण नाटक यूट्यूबवर टाकतो. यंदा त्यातूनच वीस मिनिटांचा माहितीपट करून महोत्सवाला पाठवायचा आहे. एक मित्र म्हणतो २४ वरच घे, सिनेमासारखं दिसतं. दुसरा म्हणतो ६० घे, जितकं जास्त तितकं बरं. दुकानदार म्हणतो फोरके घे. मला तर आय आणि पी मधला फरकसुद्धा नीट सांगता येत नाही. कुणीतरी मुळापासून सांगा.

अजून एक. मामाने २००४ मध्ये मिनीडीव्हीवर (छोट्या डिजिटल टेपवर) चार नाटकं घेतली होती. एका दुकानातून त्यांच्या फाइली करून आणल्या तर हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कंगव्याचे दात आलेत. ते जातील का?

शटरबग_पुणे

मी सगळं ६०पी वर घेतो, नंतर हवं ते करता येतं. ट्रेकचे व्हिडिओ आहेत माझे, आजवर एकही पट्टा आला नाही. तुमच्या कॅमेऱ्यात बिघाड असेल, दाखवून घ्या.

जुना कंट्रोलरूम

कॅमेऱ्यात बिघाड नाही. शटरबग, तुम्ही उन्हात शूट करता. सूर्य मिणमिणत नाही म्हणून तुम्हाला पट्टे दिसले नाहीत. हाच कॅमेरा ६०पी आणि १/१२५ वर घेऊन एखाद्या सभागृहात ट्यूबलाइटखाली उभे राहा, लगेच कळेल.

धागाकर्त्या, तुला अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. मी १९८१ मध्ये दूरचित्रवाणीत लागलो तेव्हा चित्र काळंपांढरं होतं, पुढच्या वर्षी ऑगस्टात रंग आला. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत स्टुडिओ आणि ओबी व्हॅन, म्हणजे बाहेरच्या प्रक्षेपणाची गाडी. त्या नटाने विचारलेला प्रश्न वाचून मी बराच वेळ नुसता बसलो होतो. आमच्या धंद्यातला सगळ्यात खरा प्रश्न तो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पाय. तुझे पाय २५पी ने खाल्ले नाहीत, ऑटोने खाल्ले. बहुतेक कॅमेऱ्यांत 'ऑटो स्लो शटर' नावाची एक सोय असते आणि ती कारखान्यातूनच चालू येते. उजेड कमी पडला की कॅमेरा गुपचूप शटर १/२५ वर नेतो. म्हणजे एक फ्रेम घेताना सेकंदाचा पंचविसावा भाग शटर उघडं. तेवढ्या वेळात नाचणारा पाय हातभर सरकतो आणि त्याचा फराटाच उमटतो. आज रात्रीच मेन्यूत जाऊन ते बंद कर आणि शटर हाताने लाव. बाकी काही वाचलं नाहीस तरी चालेल, पण हे कर.

आता पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. प्रत्येक आवर्तनात ती दोनदा चढते आणि दोनदा शून्यावर येते, म्हणून ट्यूब किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला कळत नाही, सेन्सरला कळतं. शटर १/१०० असेल तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला बरोबर एक चढउतार येतो. १/५० असेल तर बरोबर दोन. सगळ्या फ्रेमना, आणि फ्रेममधल्या वरच्या-खालच्या सगळ्या ओळींना सारखाच उजेड मिळतो. १/६० ला मात्र येतात एक पूर्णांक दोन तृतीयांश. हा अपुरा तुकडा कधी उजेडाचा निघतो, कधी अंधाराचा. सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्यामुळे काही ओळी उजळ आणि काही काळवंडलेल्या. सेन्सरला एक चित्र वाचायला वीस मिलिसेकंद लागत असतील तर दोन पट्टे दिसणार. आणि ३० फ्रेमचा मेळ १०० शी बसत नाही म्हणून ते पट्टे एका जागी न राहता उड्या मारणार. तू लिहिलंस तेच.

म्हणून अमेरिकन कॅमेऱ्यावर पहिला उपाय शटरचा. ३०पी ठेवलंस तर शटर १/५० किंवा १/१००. ६०आय ठेवलंस तर १/१००, कारण तिथे प्रत्येक फील्डला १/६० सेकंदापेक्षा जास्त वेळच नाही, १/५० बसणार कुठे? फ्रेम रेट परदेशी असला तरी शटर इथल्या विजेप्रमाणे लावता येतं, आणि पट्टे शटरनेच जातात. २४पी वर १/४८ येत असेल तर तिथेही बारीक लहर दिसते, १/५० लाव.

जनरेटरचं थोडं सांगतो, कारण जत्रेत तोच घात करतो. ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे आणि ती साधारण त्याच्याच आसपास असते. जनरेटरवर मात्र आइस्क्रीमवाल्याचा फ्रीज, आकाशपाळणा आणि तुझे फ्लड एकत्र आले की ती ४९, ४८ कुठेही जाईल. मग १/५० वरसुद्धा मंद पट्टा हळूहळू चढताना दिसतो. तुझ्या कॅमेऱ्यात क्लिअर स्कॅन किंवा सिंक्रो स्कॅन असं काही असेल तर शटर बारीक सरकवून पट्टा मुरेपर्यंत जुळव. जनरेटर थ्री फेजचा असेल तर लाइटवाल्याला प्रेमाने सांग की तिन्ही फ्लड तीन वेगवेगळ्या फेजवर जोड. एकाचा उजेड उतरतो तेव्हा दुसऱ्याचा चढलेला असतो आणि खळगे आपोआप भरतात. आम्ही मैदानावर हेच करायचो.

कोणता दिवा त्रास देतो हे ओळखायला नाटक सुरू व्हायच्या आधी फोनचं शटर १/१००० वर ठेवून एकेका दिव्याखाली पांढरा कागद धरून बघ. ज्या दिव्याखाली कागदावर पट्टे, तो दिवा मुख्य पात्राच्या तोंडावर नको. डिमरवर मंद केलेले रंगीत एलईडी सगळ्यात वाईट, कारण ते स्वतःच्याच कुठल्यातरी वेगाने चालू-बंद होतात आणि ५०-१०० चं गणित त्यांना लागू नाही. ते पूर्ण उजेडावर चालवायला सांग. हॅलोजनची तार तापलेली राहते म्हणून त्याचा उजेड फार खालीवर होत नाही, आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडाला तर हा आजारच नव्हता.

आता आय आणि पी. काचेच्या नळीच्या टीव्हीच्या काळात पूर्ण चित्र सेकंदाला ५० वेळा पाठवायला जागा नव्हती आणि २५ वेळाच पाठवलं तर पडदा लुकलुकायचा. म्हणून चित्राच्या ६२५ ओळी दोन हप्त्यांत पाठवल्या: आधी एकाआड एक अर्ध्या, मग मधल्या अर्ध्या. या हप्त्याला फील्ड म्हणतात. ५०आय म्हणजे सेकंदाला ५० फील्ड, आणि महत्त्वाची गोष्ट अशी की हे ५० फील्ड ५० वेगवेगळ्या क्षणांचे असतात. पहिल्या फील्डमध्ये तलवार इथे आणि दुसऱ्यात चार बोटं पुढे. टीव्हीवर हालचाल लोण्यासारखी दिसायची ती यामुळे. संगणकाने हे दोन फील्ड एकाच चित्रात विणले की तलवारीला कंगव्याचे दात येतात. पी मध्ये प्रत्येक चित्र पूर्ण आणि एकाच क्षणाचं.

आज बघणाऱ्याच्या हातात फोन किंवा सपाट टीव्ही आहे आणि ते दोन्ही पूर्ण चित्रच दाखवतात. वाहिनीने एचडी कार्यक्रम १०८० ५०आय मध्ये मागितला तर शेवटी करून देता येतो. पण कॅमेऱ्यात ५०पी असताना ५०आय वर घेणं म्हणजे दर क्षणाच्या निम्म्या ओळी टाकून देणं. तुझा पहिला कॅमेरा ५०पी वरच ठेव.

५०पी का, २५ का नाही? दशावतारात पदन्यास आहे, गिरक्या आहेत, युद्ध आहे. सेकंदाला २५ चित्रांत गिरकीचे मधले क्षण हरवतात आणि कॅमेरा जरा जोरात फिरवला की चित्र अडखळतं. २५ वर पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, एखादी वस्तू या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला निदान सात सेकंद लागतील असं आम्हाला शिकवलं होतं. युद्धाच्या प्रवेशात सात सेकंद कुणाला आहेत? ५० ला हा जाच नाही. शिवाय ५० मधून एकाआड एक फ्रेम काढली की २५ मिळतात. उलट्या दिशेने, २५ चे ५० करताना मधली चित्रं संगणक अंदाजाने रंगवतो, आणि घुंगरू बांधलेल्या पायावर तो अंदाज हमखास चुकतो.

शटरचं असं कर. युद्ध, तांडव, ट्रिक सीन यांना ५०पी वर १/१००. गण, पदं, बैठे संवाद यांना ५०पी वरच १/५०. यात एक खुबी आहे. ५०पी आणि १/५० वर घेतलेल्यातून एकाआड एक फ्रेम काढली की हातात येतं ते हुबेहूब २५पी १/५० वर घेतल्यासारखं. तुझ्या माहितीपटाला तेच हवं.

उजेडाची किंमत मात्र मोजावी लागेल. १/५० वरून १/१०० वर गेलास की एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, गेला, आणि तू तर नकळत १/२५ वरून येतो आहेस, म्हणजे दोन स्टॉप. सहा डेसिबल गेन (चित्र उजळ करायची कॅमेऱ्यातली सोय) म्हणजे एक स्टॉप, म्हणजे बारा डेसिबल चढवावे लागतील आणि चित्रात दाणे येतील. येऊ दे. दाणे नंतर कमी करता येतात, फराट्यातून पाय परत काढता येत नाहीत. त्यापेक्षा आयोजकांशी बोलून अजून एक फ्लड मिळव आणि तो खाली, गुडघ्यांच्या उंचीवर तिरपा लाव. सगळे दिवे तोंडावर रोखलेले असतात, पायांकडे कुणी बघत नाही.

काटछाट

काकांचा प्रतिसाद मी जपून ठेवतेय. मी एडिटिंग करते, त्यामुळे माझ्या टेबलावर काय येतं ते सांगते.

दादा, एडिटिंगची टाइमलाइन (जिच्यावर क्लिप ओळीने मांडतो ती) १०८० ५०पी चीच बनवा. यूट्यूब ५० घेतं, पण ५० ची हालचाल ७२० किंवा त्यावरच्या दर्जालाच दिसते, ४८० ला निम्म्या फ्रेम गळतात. त्यामुळे "मला अडखळत दिसतंय" असं कुणी म्हणालं तर आधी त्यांचा दर्जा विचारा.

अमेरिकन कॅमेऱ्याचे ६० हे खरे ५९.९४ असतात. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत टीव्ही आणताना ३० चा वेग किंचित कमी करून २९.९७ केला, ते शेपूट अजून आहे. ते ५० च्या टाइमलाइनवर टाकलं की साधारण दर सहावी फ्रेम गळते आणि पॅनमध्ये हिसके बसतात. म्हणून तो कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का ठेवा, हलवू नका. पूर्ण मांड दिसेल असा वाइड शॉट किंवा बाजूची पेटी-पखवाजाची मंडळी. स्थिर चौकटीत गळलेली फ्रेम सहसा जाणवत नाही.

अजून एक चांगला उपयोग आहे. ३०पी वर घेतलेल्या क्लिपला सॉफ्टवेअरमध्ये "ही २५ चीच आहे" असं सांगायचं. एकही फ्रेम न गळता ती मूळ वेगाच्या ८३ टक्क्यांनी चालते. आवाज वापरता येत नाही, पण रंगपटात पेटारा उघडणं, कपाळावर रेघ ओढणं, घुंगरू आवळणं ही दृश्यं त्या किंचित संथपणात फार सुंदर दिसतात. माहितीपटाच्या सुरुवातीची दृश्यं मी तर त्याच कॅमेऱ्यावर घेईन.

एक सापळा सांगते. काही कॅमेरे २५पी घेतात पण फाइलवर शिक्का ५०आय चा मारतात. दोन्ही फील्ड एकाच क्षणाचे असतात, नुसते दोन भागांत ठेवलेले. सॉफ्टवेअर शिक्का वाचतं, आपणहून डीइंटरलेस करतं, म्हणजे फील्ड सुटे करून त्यांची पूर्ण चित्रं बनवतं, आणि चांगल्या चित्राच्या निम्म्या ओळी फुकट जातात. एकदा एका लग्नाचं सगळं काम असं करून दिलं होतं, नवरीच्या शालूची जर मऊ का दिसते हे मला तीन दिवस कळेना. तपासायची रीत सोपी: हलणाऱ्या तलवारीवर थांबा आणि एकेक फ्रेम पुढे जा. दात दिसले तर खरं इंटरलेस्ड. दात नसतील तर क्लिपच्या गुणधर्मांत जाऊन "प्रोग्रेसिव्ह" असं हाताने सांगा.

मेहुण्याच्या कॅमेऱ्याच्या ३०पी मध्येही ही शक्यता आहे, बघून घ्या.

महोत्सवाबद्दल. थिएटरसाठी डीसीपी (सिनेमागृहात चालवायची डिजिटल प्रत) मागितली तर २४ ची प्रत सगळीकडे चालते. २५ चीही डीसीपी होते, पण तिथलं यंत्र ती चालवतं का हे आधी लेखी विचारा. २४ च मागितलं तर २५ ची फिल्म चार टक्के संथ करतात. वीस मिनिटांची वीस मिनिटं पन्नास सेकंद होते, त्याने काही बिघडत नाही. बिघडतो सूर. चार टक्के म्हणजे अर्ध्या स्वराचा सुमारे सत्तर टक्के भाग. काळी चारची पेटी घसरून पांढरी पाचच्या अलीकडे कुठेतरी लोंबकळते, आणि आमच्या घरातल्या कुणालाही ते ऐकवणार नाही. म्हणून आवाज वेगळा ताणून सूर जागेवर आणायला सांगा. एवढ्यासाठी मुळात २४ वर शूट करू नका. ५० आणि २४ यांचं जमत नाही, आणि २४ ने सिनेमा होत नाही. सिनेमासारखं दिसतं ते उजेडाने आणि शटरने.

फोनचं सांगायचं राहिलं. बरेच फोन फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत, उजेड कमी झाला की ३० चे २४ करतात. तासाभराने आवाज आणि ओठ वेगळे पडतात. हाताने फ्रेम रेट लावता येईल असं ॲप वापरा, २५ ठेवा. आधीच घेतलेल्या फाइली टाइमलाइनवर आणण्याआधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या.

एडिसनकर

मेहुण्यांच्या बाजूने थोडं. मीही न्यू जर्सीत आहे. इथे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच हँडीकॅममध्ये ५० ची सोय कारखान्यातच बंद असते, मेन्यूत कितीही शोधा. आता मिळणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांत एनटीएससी (इथली ६० ची पद्धत) आणि पाल (भारतातली ५० ची) बदलण्याची सोय असते, तेव्हा कुणाकडून मागवणार असाल तर तेवढं बघायला सांगा.

उलटा अनुभव मी घेतला आहे. भारतातून आणलेल्या कॅमेऱ्यावर आमच्या मंडळाचा गणेशोत्सव २५पी, १/५० वर घेतला आणि शाळेच्या हॉलमध्ये पट्टेच पट्टे. इथली वीज ६० हर्ट्‌झची, दिवे सेकंदाला १२० वेळा मिणमिणतात, १/५० मध्ये २.४ चढउतार आले. १/६० केलं आणि आरती स्वच्छ आली. काकांनी सांगितलेलं गणित इथे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर पहिले दोन दिवस वाचले असते. मुलींचं लेझीम त्या दोन दिवसांतच होतं.

पेटाऱ्याजवळ

काका, ताई, एडिसनकर, सगळ्यांचे मनापासून आभार. परवा शेजारच्या गावात सप्ताह होता, तिथे चाचणी घेतली. आणि काल एका कंपनीची तालीम होती, तिथेही.

ऑटो स्लो शटर खरोखर चालू होतं. दोन वर्षं मी त्या मेन्यूच्या पानावर गेलोच नव्हतो.

सप्ताहात सगळ्या ट्यूबलाइट. अमेरिकन कॅमेरा ३०पी वर ठेवून शटर एकेक पायरी बदलत गेलो. १/६० ला पट्टे, १/१०० केलं आणि पुसल्यासारखे गेले. पुन्हा १/६०, पुन्हा आले. चार वेळा करून बघितलं, तरी समाधान होईना. भजनी मंडळी विचारायला लागली की झालं काय.

तालमीला पहिला कॅमेरा ५०पी, १/१००. चित्र बरंच अंधारं आलं. गेन बारावर नेला, दाणे आले. मग काकांनी सांगितल्याप्रमाणे एक फ्लड स्टुलावर ठेवून गुडघ्यांच्या उंचीवर तिरपा लावला आणि गेन सहावर आणता आला. त्या उजेडाने अजून एक गोष्ट झाली: मागच्या पडद्यावर पायांची सावली पडते आणि गिरकी दुप्पट मोठी वाटते. कंपनीच्या मालकांना ते इतकं आवडलं की जत्रेतही तसाच लावू म्हणाले.

घरी येऊन एकेक फ्रेम पुढे नेत बघितलं. गिरकीत उजवा पाय टाचेवर फिरतो, घुंगरांची ओळ एका बाजूला उडते, मग चवडा टेकतो. घुंगरू मोजता येतात. लॅपटॉप मिटून पहाटे झोपलो. तो राजपार्टी नट यंदाही उभा राहणार आहे, पहिली जत्रा पुढच्या पंधरवड्यात.

दोन शंका. लांब नाटकात दोन कॅमेरे आणि आवाजाचा वेगळा रेकॉर्डर यांचा मेळ शेवटपर्यंत कसा टिकवू? आणि मामाच्या टेपांचं काही होईल का?

काटछाट

मेळाचं मी सांगते. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्‌झवर ठेवा. सुरुवातीला सगळ्या कॅमेऱ्यांसमोर एक टाळी आणि नाटक संपल्यावर दुसरी टाळी. प्रत्येक यंत्राचं घड्याळ थोडं वेगळं चालतं, तासाभरात काही फ्रेमचा फरक पडू शकतो. दोन्ही टाळ्या असल्या की किती ताणायचं ते नेमकं कळतं. शेवटची टाळी लोक विसरतात, कारण पहाट झालेली असते आणि सगळे दमलेले असतात. ती विसरू नका.

जुना कंट्रोलरूम

तुझी तालमीची हकिगत दोनदा वाचली. पायांच्या सावलीचं मलाही सुचलं नव्हतं.

टेपांबद्दल. त्या दुकानाने दिलेल्या फाइली बघायला हव्यात, पण माझा अंदाज असा: डीव्हीचं चित्र ७२० बाय ५७६, त्यांनी डीइंटरलेस न करताच ते ६४० बाय ४८० मध्ये दाबलं असणार. तसं असेल तर दोन्ही फील्डच्या ओळी एकमेकींत मिसळल्या, आणि ते दात आता कशानेच निघायचे नाहीत. तपास, फाइलचा आकार बघितलास की कळेल. तसंच निघालं तर त्या फाइली सोडून दे. टेप शाबूत आहेत ना, मग काही गेलेलं नाही.

फायरवायर (टेपवरचं संगणकात उतरवायची जोडणी) असलेला मिनीडीव्ही कॅमेरा मिळव, कुणाच्या तरी कपाटात पडलेला असतो. त्यातून टेप जशीच्या तशी डीव्ही फाइलमध्ये उतरव. तासाला साधारण १३ जीबी होतील. ती फाइल दोन डिस्कवर ठेव आणि तिला हात लावू नकोस. बघायच्या प्रतीसाठी तिची नक्कल घे आणि डीइंटरलेस करताना २५पी नको, ५०पी कर. प्रत्येक फील्डचं एक चित्र होऊ दे, म्हणजे मामाच्या कॅमेऱ्याने टिपलेले पन्नासच्या पन्नास क्षण जिवंत राहतील. फुकट मिळणाऱ्या याडिफ फिल्टरनेही होतं, क्यूटीजीएमसीला जास्त वेळ लागतो पण काम अधिक चांगलं. पालच्या डीव्हीत खालचा फील्ड आधी असतो, एचडीत वरचा. ते उलटं लागलं तर माणूस एक पाऊल पुढे, अर्धं मागे असा थरथरत चालतो. तसं दिसलं तर क्रम बदल, टेपला दोष देऊ नकोस.

आधी हेड साफ करून घे, आणि पहिल्यांदा एखादी बिनमहत्त्वाची टेप चालवून बघ. मामाची टेप एकदा टोकापर्यंत पुढे आणि एकदा मागे नेऊन मगच प्ले कर. वीस वर्षं गुंडाळलेली पट्टी चिकटलेली असू शकते. मध्येच आवाज बदलला तर लगेच थांबव आणि इथे लिही, मी रात्री बाराएक वाजेपर्यंत जागा असतो.